हातच्याचा पाठ

त्या काळी चंद्रपुरात मुलांना शिकवणं सोपं होतं. अवघड होतं ते पाठ देणं. शिकवायला एक माणूस आणि एक मूल पुरे. पाठाला मात्र टाचण लागे, तक्ता लागे, प्रस्तावना लागे, हेतुकथन लागे आणि मागच्या बाकावर पेन उघडून बसलेला एक साहेब लागे. मूल असलं तर उत्तम.

भागीरथा गोंडपिपरीकडच्या खेड्यातून डी.एड. करायला आली होती. आता फक्त वार्षिक पाठ उरला होता. तो पास झाला की मास्तरीण. नाही झाला की हात हलवत घरी. घरी तिच्या बापानं, मुखरूनं, निकालाची वाट न पाहता गावभर सांगून टाकलं होतं, "आमची पोरगी मास्तरीण झाली." त्यामुळे नापास व्हायची सोयच राहिली नव्हती.

अध्यापन पद्धती शिकवायला गुणवंतराव सर होते. "शिक्षकानं स्वतः काही सांगायचं नसतं," ते म्हणत. "उत्तर मुलांच्या तोंडून काढायचं." हे ते सलग दोन तास स्वतःच सांगत, आणि समोरच्या चाळीस जणांना तोंड उघडू देत नसत.

पाठ द्यायचे ते कोळसा खाणीच्या वस्तीतल्या नगरपालिकेच्या शाळेत. पोरं कामगारांची. कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी हिंदी, आणि गल्लीत सगळ्यांची मिळून एक तिसरीच. वर्षभर डी.एड.वाल्यांची पलटण तिथं येई आणि दुसरीच्या वर्गावर तोच पाठ देई : हातच्याची बेरीज, पंधरा अधिक आठ. सरांनी एकदा मंजूर केलेलं टाचण बदलण्याइतकं डोकं कोणाचंच फिरलेलं नव्हतं.

रंगीत तालमीला भागीरथानं खडू उचलला, तेवढ्यात पहिल्या बाकावरचा नथ्थू म्हणाला, "तेवीस, बाई."

"अरे, मी अजून विचारलं कुठं?"

"मंग विचारा न. आन् तक्ता उजव्या अंगाले टांगा. मागच्या बाईनं डाव्या अंगाले टांगला, त सरनं त्याइले मस्त झापलं होतं."

डी.एड.ची दोन वर्षं नथ्थूनं तिच्या आधीच पुरी केली होती. फक्त त्याला बेरीज येत नव्हती. पंधरा अधिक नऊ विचारलं तरी तो तेवीसच सांगे, आणि वर "शाबास" म्हणायची आठवण करून देई.

परीक्षेच्या सकाळी मुख्याध्यापिका सोनीबाईंनी तिला दाराशी गाठलं. "तो कोलू हाय न, अहेरीकडचा? मायबाप इथी क्वार्टरच्या बांधकामावर आले. आठ दिवस झाले नाव घालून. त्याले तुझा पाठ येत नाई. पाण्याच्या माठाजवळ बसवून ठेवू का?"

"येत नाही म्हणूनच शाळेत आला ना, बाई?"

"बाप्पा! पास व्हायचं हाय का शिकवायचं हाय तुले?"

"बसू द्या त्याला," भागीरथा म्हणाली.

पाठ सुरेख सुरू झाला. मागं परीक्षकसाहेब आणि गुणवंतराव. पोरं ठरल्या जागी हसली, ठरल्या जागी बोटं वर केली. तिनं दहा काड्यांचा बांधलेला गठ्ठा आणि पाच सुट्या काड्या टेबलावर ठेवल्या. तोच शेवटच्या रांगेतून आवाज आला, "गठ्ठा पहिलेच बांधून काऊन आणला?"

"गप बे," नथ्थू दबक्या आवाजात ओरडला, "हे पाठात नाई!"

खरंच नव्हतं. टाचणात या प्रश्नाला जागाच नव्हती. भागीरथानं गुणवंतरावांकडे पाहिलं. ते डोळ्यांनीच 'पुढे चला' म्हणत होते. तिनं कोलूला पुढं बोलावलं. "सोडून बघ, कशाला बांधला ते."

कोलूनं गठ्ठा सोडला, त्यात पाच काड्या आणि मिळवायच्या आठ मिसळल्या आणि मोजायला बसला. एकदा एकवीस झाल्या, एकदा चोवीस. काड्या जमिनीवर सांडल्या तशी सगळी दुसरी बाकांखाली उतरली. नथ्थूनं आयुष्यात पहिल्यांदा काड्या मोजल्या आणि बावीस भरल्यावर तो स्वतःच बुचकळ्यात पडला.

"बाई," घाम पुसत कोलू म्हणाला, "दहा झाल्या का बांधून टाकाव. मंग इसरत नाई. सुतळी द्या."

एका गठ्ठ्याची सुतळी होती, दुसऱ्याला नव्हती. भागीरथानं टांगायच्या तक्त्याची सुतळी सोडून त्याच्या हातात दिली. दोन गठ्ठे झाले, तीन काड्या उरल्या. "तेवीस!" नथ्थू ओरडला, आणि या वेळी तो बाईंकडे नाही, काड्यांकडे पाहत होता. घंटा झाली. तक्ता टेबलाखाली घरंगळून गेला होता.

परीक्षकांनी शेरा लिहिला : 'तक्त्याचा उपयोग नाही. हेतुकथन नाही. वर्गात काड्या व सुतळी. पाठ पुन्हा घ्यावा.'

गुणवंतराव बाहेर येऊन म्हणाले, "उत्तर मुलांच्या तोंडून काढायचं, हे शंभरदा सांगितलं होतं ना?"

दोन आठवड्यांनी तोच पाठ, तोच वर्ग, तेच परीक्षक. या वेळी सरांनी तक्त्याला स्वतः जाड दोरी लावून दिली, सुटायला नको. मुखरूला तिनं काहीच कळवलं नव्हतं. तिनं टाचणातला एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. उत्तराची वेळ आली आणि कोलूचं बोट वर गेलं. "तेवीस, बाई." वर त्यानं हळूच खुणेनं सांगितलं : शाबास म्हणा.

ती म्हणाली. परीक्षक खूश झाले. 'विद्यार्थ्यांची आकलनशक्ती उत्तम.' गुणवंतरावांनी तिचं अभिनंदन केलं आणि साहेबांना चहाला घेऊन गेले. भागीरथा मास्तरीण झाली.

ती टेबल आवरू लागली. पोरं उठली, पण कोलू हलेना.

"पाठ झाला न, बाई?"

"झाला."

"मंग आता शिकवा न. गठ्ठेच दहा झाले, त काय कराव?"

मास्तरीणबाईंनी दाराकडं पाहिलं. मग स्टूल ओढलं, वर चढल्या, आणि उजव्या अंगाला टांगलेल्या तक्त्याची जाड दोरी सोडू लागल्या.