भरणा थांबवण्याआधी

पेनाचं टोपण थरथरलं. टेबलाच्या काचेवर ते आडवं पडलं होतं, निळं, टोकाला दातांच्या खुणा असलेलं — चावतं कोण, तर मीच, दुसरं कोण — आणि शेजारचा फोन गुरगुरला तसं ते दोन बोटं सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं आणि काचेच्या कडेवरून खाली गेलं. ती टेबलाखाली वाकली, टोपण सापडलं नाही, वर येताना डोकं ड्रॉवरच्या कडीवर आपटलं, आणि त्या ठणक्यातच तिने फोन उचलला. ‘आपला नियमित भरणा यशस्वी झाला आहे. धन्यवाद.’

धन्यवाद कशाचे? मी काय केलं? महिन्याच्या नऊ तारखेला हा निरोप यायचा आणि ती माशी हाकलावी तसा बोटाने बाजूला सारायची. फोटो साठवण्याचं काहीतरी असेल, अशी तिने कधीतरी स्वतःची समजूत घातली होती. रक्कम अशी, की जाणवेल पण बोंब मारावी इतकी नाही... बरोबर तेवढीच. हे लोक शहाणे असतात. पण आज दोन शिक्षक रजेवर होते, तिसरे येतो म्हणून आले नव्हते, झेरॉक्सच्या मशीनने सहावीची प्रश्नपत्रिका गिळली होती, आणि समोरच्या फळ्यावर, जिथे रंगीत कार्डं खोचून ती साऱ्या शाळेचे तास लावायची, चौथ्या तासाला तीन खाचा रिकाम्या होत्या. तीन वर्ग, म्हणजे सव्वाशे पोरं, आणि शिकवायला कुणी नाही. अशा दिवशी माणसाला एखादी तरी गोष्ट आपल्या हाताने बंद करावीशी वाटते.

पैसे भरण्याच्या त्या अ‍ॅपमध्ये बंद करण्याची जागा कुठे होती, तर कुठेच नव्हती. ‘खातं’ मध्ये नाही, ‘व्यवहार’ मध्ये नाही, ‘मदत’ मध्ये तर मुळीच नाही. सुरू करायचं असेल तेव्हा दारात उभे असतात, बंद करायचं म्हटलं की घरात कुणीच नाही! शेवटी ‘सुरक्षा’ च्या पोटात ‘परवानग्या’, तिच्या पोटात ‘ऑटो-पे’, आणि तिथे एकुलती एक ओळ, तिच्यापुढे पिवळ्या चौकोनातलं उघड्या तोंडाचं चिन्ह.

ते तोंड तिच्या ओळखीचं होतं.

भाषेचा क्लास. म्हणजे... दोन वर्षं झाली की त्याला. नवऱ्याला तेव्हा परदेशातल्या लिफ्टच्या कंपनीने बोलावलं होतं — तो लिफ्ट दुरुस्त करतो, उंच इमारतींच्या पोकळीत दोरांना लटकून, आणि ते काम इतकं चांगलं करतो की तिकडच्यांनीही ऐकलं होतं — फक्त तिकडची भाषा हवी, परीक्षा द्यायची. त्याचं खातं तेव्हा कसल्याशा घोळात अडकलेलं, म्हणून तिच्या खात्यातून पैसे भरले. मग त्याच महिन्यात तिला उपमुख्याध्यापिकेची जागा मिळाली. ती तीन दिवस काही बोलली नव्हती, आणि चौथ्या दिवशी सगळं बोलली होती. तो ऐकून घेऊन म्हणाला, “राहू दे मग. लिफ्ट काय, इथेही वरखालीच जाते.” दोघं हसले होते. तीही हसली होती, चांगली खळखळून. विषय संपला याचंच तिला हसू फुटलं होतं.

तिने त्याला फोन लावला.

“तो भाषेचा क्लास तू बंद केला होतास ना?”

मागे लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. “केव्हाच.”

“मग माझे पैसे कसे जातायत?”

“जातायत?” लोखंडाचा आवाज थांबला. “राहू दे, मी बघतो.”

मी बघतो! या दोन शब्दांवर तिचा संसार उभा होता. गळका नळ — मी बघतो. सोसायटीचं पत्र — मी बघतो. सगळी भिजत घोंगडी, आणि शेवटी पिळायची कुणी? “नको बघूस,” ती म्हणाली, “मीच बघते,” आणि फोन ठेवला. शिपाई दारात उभा होता. नववीच्या वर्गात कोण जाणार? कुणीच नाही, ती म्हणाली, मग म्हणाली, ग्रंथपालांना पाठवा, आणि त्यांनी कुरकुर केली तर म्हणावं मला येऊन भेटा.

‘थांबवा’ वर बोट ठेवलं. ‘आपलं सभासदत्व चालू आहे. कृपया प्रथम संबंधित संस्थेकडे ते बंद करावे.’ संबंधित संस्था कुठे आहे? ‘मदतीसाठी येथे दाबा.’ तिने दाबलं. ती पुन्हा ‘खातं’ मध्ये आली. तिने तोंडातल्या तोंडात असं काही म्हटलं की ते एखाद्या विद्यार्थ्याने म्हटलं असतं तर तिने पालकांना बोलावलं असतं.

मधल्या सुट्टीत तिने हेल्पलाइन लावली. आधी संगीत, मग ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’, मग पुन्हा तेच संगीत, त्याच ठिकाणी अडखळणारं. डबा उघडाच राहिला. शेवटी एक मुलगी आली, दमलेल्या आवाजाची, आणि ओरडायला म्हणून ती इतका वेळ मनात जे शब्द जुळवत बसली होती, ते सगळे त्या दमलेल्या आवाजापुढे फुकट गेले.

“मॅडम, या संस्थेचे तुमच्याकडे दोन ऑटो-पे दिसतायत. पहिला तुम्ही दोन वर्षांपूर्वी बंद केलाय.”

“बंद केलाय? मग हा कोणता?”

“हा नवीन आहे. एक वर्ष आठ महिने झाले. तुमच्याच मोबाइलवर ओटीपी गेला होता, तो टाकून मंजूर झालाय.”

“मी कशाला मंजूर करीन?”

“ते मला नाही सांगता येणार, मॅडम.”

तिला आठवलं... म्हणजे आठवायचं नव्हतं, पण आठवलं. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर पसरलेली नव्या वर्षाची रंगीत कार्डं, चित्रकलेचे तास कुठे बसवावेत ते बसत नव्हते, आणि तो मागून म्हणाला होता, तुझ्या फोनवर आकडे आलेत बघ, सांग जरा. तिने वर न बघता सांगितले होते. सहा आकडे. मीच वाचून दाखवले, एकेक करून, नीट, वर्गात श्रुतलेखन सांगते तसे. कशाला हवेत हेही विचारलं नाही. तो म्हणाला होता, झालं, आणि ती म्हणाली होती, बरं, आता बोलू नकोस.

म्हणजे तो खोटं बोलला नव्हता. केव्हाच बंद केला होता. मग पुन्हा सुरू केला होता — सगळं संपल्यावर, जायचं नाही हे ठरल्यावर, परदेशातली ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाल्यावर, चार महिन्यांनी. या नेमक्या खरेपणाचाच तिला जास्त संताप आला. सरळ खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

“मॅडम, आहात ना? मी तुम्हाला त्यांच्या पानाची लिंक पाठवते. तिथे सभासदत्व बंद केलंत की इथलं आपोआप थांबेल.”

लिंक आली. पान उघडलं. पान त्या भाषेत होतं.

अक्षरं वाचता येत होती, शब्द एकही कळत नव्हता. वर नवऱ्याचं नाव, त्याखाली एक रोपटं, रोपट्याखाली आकडा: ५९७. आकड्याला भाषा लागत नाही. एक वर्ष आठ महिने म्हणजे सहाशेच्या आसपास दिवस... याने एकही दिवस चुकवला नव्हता. ज्या माणसाला गळका नळ आठवत नाही! खाली एक लांब वाक्य, प्रश्नचिन्ह असलेलं, आणि दोन बटणं, एक हिरवं, एक पांढरं. कुठलं बंद करायचं आणि कुठलं चालू ठेवायचं? “ते पान आमचं नाही, मॅडम,” ती मुलगी म्हणाली, “मला दिसत नाही,” आणि आजच्या सेवेबद्दल पाचपैकी किती तारे द्याल ते विचारून गेली.

विज्ञानाच्या बाई शेजारी बसून संत्रं सोलत होत्या. “कॅमेरा धरा की त्यावर,” त्या म्हणाल्या, “आपल्या भाषेत करून देतं.” त्यांनीच करून दाखवलं. फोनमध्ये अक्षरं हलली, विरघळली आणि उमटली: ‘तुम्ही आम्हाला निश्चित जाणार आहात काय?’ हिरव्यावर आलं, ‘होय नको’. पांढऱ्यावर, ‘नको होय’.

बाई इतक्या हसल्या की संत्र्याचा रस तिच्या बाहीवर उडाला. “काय बंद करताय एवढं?” तिने सांगितलं, काही नाही, असंच एक. आणि मग, ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं, सहज विचारल्यासारखं, “रोज थोडा वेळ काढून कुणी एखादी भाषा शिकत असेल, तर कशासाठी शिकत असेल हो?”

“जायचं असणार कुठेतरी,” बाई म्हणाल्या. “उगाच कोण शिकतंय?”

पाचवा तास, सहावा तास. कार्डं काढायची, खोचायची. तो जाणार आहे का? एवढाच प्रश्न होता आणि तो तिला प्रत्येक खाचेत दिसत होता. पासपोर्टची मुदत त्याने मागच्या वर्षी वाढवून घेतली होती, असू दे जवळ, म्हणून. सगळं जग असू दे जवळ म्हणूनच करतं... पण कुठे शिकतो हा? घरात तर कधी — आणि मग एकदम खिडकी आठवली. संध्याकाळी त्याची गाडी खाली येऊन लागते आणि तो उतरत नाही. आत दिवा, आत तो, ओठ हलताहेत. मला वाटायचं, फोनवर असेल, कामगारांशी बोलत असेल. किती वेळा वरून हाक मारली मी, जेवण निवतंय, ये की! तो हात वर करायचा, आलोच. आणि वर आल्यावर तो बराच हसतमुख असायचा, आणि मी जेवण पुन्हा गरम करत चिडलेली असायची. सहाशे संध्याकाळी. साताठ मीटर खाली माझा नवरा दुसऱ्या देशात असायचा आणि मी त्याला जेवायला बोलवत होते.

तिला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आली ती नुसती चिडचिड, दिवसभराची, दातांत अडकलेल्या सालीसारखी. घरी जाताना ती रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडली, जिन्यात वरच्या मजल्यावरच्या आजींच्या चपला पायाने बाजूला सारल्या, मग परत येऊन त्या सरळ लावल्या.

गाडी आली, आणि आज ती खिडकीशी गेली नाही. भाजी चिरली. घड्याळात बघायचं नाही असं ठरवून चार वेळा बघितलं. एकवीस मिनिटांनी किल्ली वाजली.

तो हात धुऊन आला. नखांत काळं वंगण, ते कधीच पूर्ण जात नाही. तिने फोन त्याच्यापुढे सरकवला. “हे काय लिहिलंय ते वाच.”

त्याने पाहिलं. पिवळा चौकोन पाहिला, स्वतःचं नाव पाहिलं. तो आता म्हणणार, मला काय कळतंय यातलं — ती वाटच पाहत होती. मग ती ते सहा आकडे काढणार होती, पासपोर्ट काढणार होती, नळ काढणार होती, सगळं क्रमाने लावून ठेवलं होतं तिने. त्याने टॉवेलला हात पुसले, फोन उचलला आणि वाचलं.

तिला त्यातलं काही कळलं नाही. पण तो आवाज! त्याचा नेहमीचा आवाज शब्दाच्या शेवटी खाली बसतो, ‘राहू दे’ मध्ये बसतो तसा. हा बसत नव्हता. हा पुढे पुढे जात होता, कुठे वळायचं ते माहीत असल्यासारखा, आणि प्रश्नचिन्हापाशी हलकेच वर उठला. एक शब्द त्याने चुकीचा म्हटला असावा, कारण तो थांबला, मागे आला आणि नीट म्हणून पुढे गेला. त्यासाठी कुणी त्याला रागावलं नव्हतं.

“म्हणजे —” तो सांगू लागला.

“थांब. अर्थ नको.” आणि मग, तिने ठरवलेल्या क्रमात नसलेलंच तिच्या तोंडून निघालं, “जायचंय तुला?”

“जायचं असतं तर तेव्हाच नसतो गेलो?”

“मग कशाला शिकतोयस?”

त्याने खांदे उडवले. “बरं वाटतं. सांगणार होतो. पण तू म्हणाली असतीस, उपयोग काय.”

म्हणाली असती. अगदी याच शब्दांत म्हणाली असती, भाजी चिरता चिरता, वर न बघता.

“पांढरं दाबलं की बंद,” तो म्हणाला. त्याचा अंगठा फोनवर अधांतरी होता. आवाजात राग नव्हता, विनवणी नव्हती, तो खरंच विचारत होता. “दाबू?”

सकाळपासून हेच तर हवं होतं. साऱ्या शाळेत कोण कुठे जाईल हे ती एका दमात सांगते. आणि आता तिला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना, कारण दिवसभर जिला ती राग समजत होती, आणि दुपारनंतर भीती, ती गोष्ट निराळीच निघाली होती, लाज वाटावी अशी. तिला त्याचा हेवा वाटत होता. तो जाईल याचा नाही, तर जायला त्याची स्वतःची एक जागा होती याचा. आणि आपल्या दिवसातली वीस मिनिटं आपण कुठे ठेवली, ते तिला काही केल्या आठवेना.

“ते वाक्य,” ती म्हणाली, “पुन्हा एकदा म्हण. हळू.”