मोहोळाची ऊब

"आये, झाकण उघडू नगंस!"

शालूबाईचा हात मधमाश्यांच्या पेटीवरच थांबला. "अरं, चार दिस झालं, एक माशी भाईर न्हाई. मेल्याती समद्या. निदान मध तरी काडू."

अर्जुना लंगडत अंगणात आला. सेहेचाळीस सालची पौषातली सकाळ. जावळीच्या डोंगरावरचं ते गाव गारठून गेलं होतं. गवतावरचं दव गोठून मिठासारखं पांढरं झालं होतं. अर्जुनाला लढाईवरून परतून तीन महिने झाले होते. घरात तो कामापुरतं बोले. लढाईबद्दल तर अवाक्षर काढत नसे.

तो गुडघ्यांवर बसला आणि पेटीला कान लावला. आधी काहीच नाही. मग अगदी खोलवरून बारीक गुणगुण आली.

"जित्या हायती."

उन्हं चढल्यावर त्यानं पेटीच्या दाराच्या फटीतून आत पाहिलं. पोळ्यावर माश्यांचा नारळाएवढा गोळा झाला होता. पंख मिटलेले, तरी प्रत्येकीचं अंग थरथरत होतं. बाहेरच्या कडेच्या माश्या डोकी खुपसून हळूहळू आत सरकत होत्या आणि आतल्या बाहेर येत होत्या. जवळचा मध खाऊन त्या ऊब धरून होत्या.

अर्जुना बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग आईकडे न बघताच म्हणाला, "आमी बी असंच ऱ्हायलो, आये. इटलीत, बरफात. सात जण एका ताडपत्रीखाली. घडीभर आत, घडीभर कडंला. आमच्यातल्या दादासोची आत यायची पाळी व्हती. मला ताप व्हता. म्हणला, गड्या, तू ऱ्हा आतच. सकाळी हाक मारली, तर..."

शालूबाई त्याच्याजवळ खाली बसली. "त्येच्या आईला सांगितलंस ह्ये?"

"कोंच्या तोंडानं सांगू?"

"सरकारी कागदात नुसतं मेला म्हणून लिवलंय. पोर कसं गेलं, ह्ये तिला कळाय नगं व्हय?"

अर्जुना उठला. मधाला हात न लावता त्यानं पेटीभोवती पेंढा बांधला, वर गोणपाट टाकलं, दार बोटभर उघडं ठेवून बाकीचं शेणमातीनं लिंपलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच घाट उतरला आणि मोटारीनं उंब्रजला पोचला.

दादासोची आई, सुलाबाई, ओसरीवर शेंगा फोडत होती. अर्जुनानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, स्वतःचा ताप न लपवता. तिचे हात थांबले. हातातली शेंग तिनं सुपात परत टाकली.

"वाकळ सोडायची खोडच व्हती त्येला," ती म्हणाली. "धाकट्याच्या अंगावर टाकायचा आन् सोता चुलीम्होरं जाऊन बसायचा. लय मारलाय म्या त्येच्यापायी."

"मावशी, मी..."

"बस आधी. सकाळधरनं काय खाल्लंस?"

तिनं चूल पेटवली. पहिली भाकरी त्याच्या ताटात पडली, मग दुसरी. दादासो विहिरीत पोहायला कसा शिकला, पलटणीत जाताना त्यानं मागं वळून किती वेळा पाहिलं, असं एकेक तिला आठवू लागलं. मध्येच ती हसली आणि पदरानं डोळे पुसले. परतीची साताऱ्याची मोटार पांदीपलीकडे भोंगा वाजवून निघून गेली. अर्जुना उठला नाही. सुलाबाईनं तिसरी भाकरी तव्यावर टाकली.

"मग त्यो गाणी म्हणायचा का रं तिकडं?" तिनं विचारलं.

"व्हय तर," अर्जुना म्हणाला, आणि सांगू लागला.