अर्ध्याहून जास्त

"जगातली सगळी यंत्रं एकत्र आली, तरी 'रोठा'ची एक नोंद कुणाला पुसता यायची नाही!" पियूष माईकवर म्हणाला आणि श्रीवर्धनच्या त्या लग्नाच्या हॉलमध्ये जमलेल्या बागायतदारांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत मुंबईचे व्यापारी होते. सगळ्यात मागे मांडीवर लॅपटॉप घेऊन क्षिप्रा बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

रोठा ही इथली नावाजलेली सुपारी. तिच्या नावाचं डिजिटल नाणं काढायची कल्पना पियूषची. प्रोग्राम लिहिला क्षिप्राने. सुपारी विकायची आणि मोबदला रोठामध्ये मोबाइलवर घ्यायचा. तिच्या वडिलांनी, भाऊंनी, देवळातल्या बैठकीत उभं राहून सांगितलं होतं, "माझ्या मुलीने केलंय. बिनघोर घ्या." निम्मं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं. लोकांनी घेतलं.

वर्षभरात गावाचे रोठा ठेवलेलं सामायिक खातं रिकामं झालं. पासवर्ड पियूषनेच कुठल्याशा बनावट साइटवर टाकला होता. गावात मात्र त्याने पसरवलं, की प्रोग्राम क्षिप्राचा, चोरवाट तिलाच ठाऊक. आता ती बुजवलीय, असं सांगून त्याने रोठा पुन्हा चालू केलं. भाऊंना लग्नात मंगलाष्टकं म्हणायला कुणी बोलवेनासं झालं. शेवटच्या आजारात, अलिबागच्या दवाखान्यात, त्यांनी तिचा हात धरून विचारलं, "तू घेतलं नाहीस ना गं?"

"नाही, भाऊ."

त्यांनी मान हलवली. पण हात सोडला.

त्या दिवसापासून क्षिप्राला दुसरं काही सुचत नव्हतं. रोठाच्या नोंदी एका जागी नसत. पुष्कळ संगणकांवर त्यांची एकच साखळी असे. दोन साखळ्या निघाल्या तर जिच्यात संगणकांची जास्त मेहनत ओतलेली, ती खरी धरायची, असा नियम. तिने पियूषला सुरुवातीलाच बजावलं होतं, "अर्ध्याहून जास्त ताकद एकाच्या हातात गेली, की तो मागचं सगळं फिरवू शकतो." पियूष हसला होता. "श्रीवर्धनात एवढी मशिनं घेऊन कोण येणारेय?"

यायची गरजच नव्हती. मोठ्या नाण्यांपुढे कुणाचा टिकाव लागला नसता, पण रोठाचं जाळं चिमुकलं होतं. आईच्या पाटल्या मोडून क्षिप्राने परदेशातली यंत्रं दिवसभरासाठी भाड्याने घेतली होती. सकाळपासून ती यंत्रं गुपचूप दुसरी साखळी गुंफत होती. तिच्यात आजचा एकही व्यवहार नव्हता.

पियूषने सगळ्यांसमोर एका व्यापाऱ्याला भलीमोठी रक्कम पाठवली. पडद्यावर हिरवी खूण उमटली. पुन्हा टाळ्या.

क्षिप्राने आजच्या नोंदी एकदा खाली सरकवल्या आणि एका नावाशी थांबली. सोनूबाई. खंडाने वाडी घेऊन राबणारी बाई. तिने सकाळीच वर्षाची सगळी सुपारी विकली होती; माल घेऊन टेम्पो एव्हाना माणगावच्या पुढे गेला असेल. नवी साखळी सोडली, की तिचं पेमेंटही जाणार होतं. अजून थांबता येत होतं. भाऊंना उचललं तेव्हा अंगणात किती थोडी माणसं होती, ते क्षिप्राला आठवलं. सोनूबाईसुद्धा नव्हती.

तिने बटण दाबलं.

पडद्यावरची हिरवी खूण गेली. मग रक्कमही गेली. व्यापारी उठून उभा राहिला. "अहो, हे काय? आत्ता तर आले होते!" पियूष पुन्हा पाठवायला लागला, तिच्या यंत्रांनी तेही वगळलं. हॉलमध्ये गलका झाला. घामाघूम झालेल्या पियूषची नजर मागच्या रांगेवर पडली. तो तडक तिच्यापाशी आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "हे तू केलंस. तुला आत टाकीन मी."

"टाक की. जा, माईकवर सांग सगळ्यांना. पुसता येत नाही म्हणालास ना आत्ताच?"

तो माईककडे वळला, दोन पावलं गेला आणि थांबला. क्षिप्राने ते डोळे भरून पाहिलं. लॅपटॉप मिटून ती बाहेर पडली तेव्हा तिला कडकडून भूक लागली होती. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनूबाई दारात आली आणि तिने मोबाइल पुढे केला.

"ताई, तुला यातलं कळतं. माजे पैसे दिसत न्हाईत बग. यापारी म्हनतो, मी दिले. आता त्या रोठाला कुत्रंपन इचारीत न्हाय म्हनं."

"सोनूबाई, आमच्या माळ्यावर सुपारी आहे. सगळी घेऊन जा."

"तुजी कशाला? कुनी केलं ते सांग फक्त. त्याच्या दारात जाऊन बसते."

क्षिप्राला खोटं बोलता आलं असतं. "मी केलं," ती म्हणाली. "पियूषला उघडं पाडायला केलं. तुमचं नाव दिसलं होतं मला. तरी केलं."

सोनूबाईने मोबाइल कमरेला खोचला. मग ती पायरीवर टेकली.

"गुरुजी गेले तवा घरधन्यांनी मला येऊ दिलं न्हाय. म्हनले, चोराचं घर हाय. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, गुरुजींची लेक कुनाचं घेयाची न्हाय." तिने पदराने तोंड पुसलं. "मी येकलीच म्हनत व्हते."

"सोनूबाई, सुपारी तरी—"

"नको."

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि पोफळींमधून चालत गेली. बाहेर रस्त्यावर गुरं हिंडत होती. ती आत शिरू नयेत म्हणून सोनूबाईने वळून फाटक ओढून घेतलं, कडी घातली, ती नीट बसली की नाही हे हलवून पाहिलं, आणि मग गेली.