चिरा पायरीवर

मित्रांनो, मला इंजिन नाही, हँडल नाही आणि चाकही एकच आहे. एकटीने मला वीतभरही पुढे जाता येत नाही. मोटारसायकलच्या डाव्या अंगाला मला जोडतात, तेव्हा कुठे मी रस्त्यावर येते. मी एक जुनी साइडकार आहे. डिचोलीला, गुरुदासांच्या घरामागे फणसाचे झाड आहे, त्याखाली माझी बरीच वर्षे गेली. तुमच्यापैकी कोणी मला पाहिले असेल, तर कोंबड्यांचे खुराडे समजून पाहिले असेल. त्यात तुमची चूक नाही. कोंबड्यांचाही तोच समज होता.

माझा जन्म झाला तेव्हा गोवा मुक्त होऊन चार वर्षे झाली होती. गुरुदास एका खाणीवर टाइमकीपर होते. त्यांची हिरवी मोटारसायकल पोर्तुगीज अमलात बोटीतून आलेली. तिच्यावर त्यांचा फार जीव. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले आणि इब्रामपूरची देवकी डिचोलीला नांदायला आली. लहानपणी तिला मोठा ताप आला होता, तेव्हापासून तिचा डावा पाय अधू होता. त्या काळी बायका मोटारसायकलवर मागे एकांगी बसत. देवकीनेही बसून पाहिले. घराच्या पहिल्याच वळणावर तिची वहाण निसटली आणि वहाणेमागून तीही.

मग गुरुदास जयराम मेस्ताकडे गेले. मेस्त म्हणजे कारागीर. जयराम मेस्त खाणीवरची यंत्रे दुरुस्त करीत. त्यांनी मोडीतल्या बार्जचा पत्रा घेतला, भंगारातल्या स्कूटरचे चाक घेतले आणि बसायला जुन्या कारेरीतली, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या प्रवासी बसमधली, गादी आणली. वीस दिवस ठोकठोक चालली होती. मी तयार झाले तेव्हा माझे नाक उजवीकडे किंचित वाकडे झाले होते. गुरुदासांनी ते दाखवले, तर मेस्त म्हणाले, "वाकडां तर वाकडां. लगीन करूचां नाय हिचां."

मला जोडून झाल्यावर मेस्तांनी देवकीला बसवले आणि एक गोष्ट शिकवली. डावे वळण आले की साइडकार जमिनीवरून उचलली जाऊ बघते. अशा वेळी आत बसणाऱ्याने डावीकडे, पार बाहेर झुकून आपला भार टाकायचा असतो.

"लाजायचां नाय, बाय," मेस्त तिला म्हणाले. "तू लाजलंस की गाडी उडाली."

"आणि ही नसली तर?" गुरुदासांनी विचारले.

अंगणात घराच्या कामातले जांभ्या दगडाचे चिरे उरले होते. मेस्तांनी त्यातला एक उचलून माझ्यात ठेवला. "रिकामी न्यायची नाय. ही नसली तर हो चिरो बसतलो."

तेव्हापासून आमच्या घरी एक रीतच पडली. गुरुदास एकटे कामावर निघाले की चिरा माझ्यात. देवकी बसायची असली की चिरा घराच्या पायरीवर. शेजारणी दारातून हाक मारण्याआधी पायरीकडे बघायच्या. चिरा पायरीवर दिसला की म्हणायच्या, "देवकी नाय गो घरात," आणि परत फिरायच्या.

आता क्लबचे सांगते. डिचोली आणि पेडणे मिळून अकरा मोटारसायकलवाल्यांनी एक क्लब काढला होता. डिचोलीच्या बाजारातले कापडवाले शिवदास त्याचे अध्यक्ष. बुशशर्टला कडक इस्त्री, केसांना तेल, आणि गाडी अशी पुसलेली की तिच्यात बघून भांग पाडावा. दसऱ्याला सगळ्या गाड्यांची पूजा व्हायची. रोजांच्या, म्हणजे झेंडूच्या, माळा घालायच्या आणि पुढल्या रविवारी माळांसकट फेरीला निघायचे. पाऊस गेलेला, रस्त्यावरची लाल धूळ अजून उठू न लागलेली, दोन्ही बाजूंना भात पिवळे पडत आलेले. वर्षातले ते पंधरा-वीस दिवस जणू आमच्यासाठीच राखलेले असत.

पहिली फेरी नार्व्याला गेली. जेवणाचा टोप अर्थातच माझ्यात होता. देवकीने दोन्ही हातांनी तो मांडीवर धरला होता. तिच्या हातचे खतखते, त्यात सगळ्या भाज्या आणि वर तेफळांचा, म्हणजे तिरफळांचा, वास. बाकीचे दहाजण भुर्रकन पुढे गेले. आम्ही आपले हळूहळू पाऊण तासाने पोहोचलो. नदीकाठी दहाजण पाव हातात घेऊन बसले होते. कोरडे.

"वैनी, मागे राहिलात ते राहिलात," शिवदास म्हणाले, "पण टोप कित्याक मागे ठेवलात?"

"टोपाक माझ्याशिवाय करमत नाय, शिवदासबाब," देवकी कुलेराने, मोठ्या चमच्याने, वाढता वाढता म्हणाली.

त्या दिवशी क्लबचा नियम ठरला. साइडकार सर्वांत पुढे, आणि तिच्यापुढे कोणी जायचे नाही. त्यानंतर सहा वर्षे मी त्या मिरवणुकीच्या आघाडीला होते. मागे दहा इंजिनांचा आवाज, पुढे मोकळा रस्ता. डावे वळण आले की देवकी पदर खोचून बाहेर झुकायची. रस्त्याकडेचे गवत तिच्या बोटांना लागायचे. घरात पाय ओढत चालणारी ती बाई त्या वळणांवर कशी दिसायची, ते मी पाहिले आहे. जन्मभर पुरेल असे ते बघणे होते.

सातव्या वर्षी मात्र पेच पडला. त्या वर्षी फेरी इब्रामपूरला, देवकीच्या माहेरी जायची होती. बेळगावच्या एका क्लबचे पाहुणेही बरोबर येणार होते. आदल्या आठवड्यात क्लबची बैठक गुरुदासांच्या ओसरीवर झाली. मी समोरच उभी होते.

शिवदास म्हणाले, "पाहुण्यांच्या गाड्या नव्या, जोरात पळतल्या. आणि आमची वरात बैलगाडीमागून. बरे दिसता काय ते?"

कोणी हसले. गुरुदास हसले नाहीत, पण काही बोललेही नाहीत. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

रात्री जेवताना ते देवकीला म्हणाले, "यंदा तू आदल्या दिवशी कारेरीने जा. आईकडे एक दिवस जास्त राहशील."

"बरे," देवकी म्हणाली. तिला कारेरीच्या पायऱ्या चढताना किती त्रास व्हायचा, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होते.

गुरुदासांना मला सोडवूनच ठेवायचे होते. पण ते काम मेस्तांचे, त्याला अर्धा दिवस लागायचा, आणि मेस्त त्या आठवड्यात मुद्दामच अर्धा दिवसही मोकळे नव्हते. "रिकामी नेशील तर चिरा घाल," एवढा निरोप त्यांनी धाडला. गुरुदासांनी चिरा उचलला, क्षणभर हातात तोलला आणि पायरीवर ठेवून दिला. वजन कमी तर वेग जास्त, असा त्यांचा हिशेब. अशा रीतीने, मित्रांनो, त्या दिवशी चिराही पायरीवर होता आणि माझ्यात देवकीही नव्हती. असे पूर्वी कधी झाले नव्हते.

नियमही त्या दिवशी कोणी पाळला नाही. ज्याला जसे पुढे जावेसे वाटले, तसा तो गेला. चांदेल गाव मागे पडले, हसापूर मागे पडले. गुरुदास सगळ्यांना गाठायला धावत होते आणि मी रिकाम्या डब्यासारखी उडत होते. इब्रामपूर दिसू लागले तिथे एक डावे वळण आहे. त्या वळणावर माझे चाक जमिनीवरून उठले. मी वाट पाहिली. कोणीतरी आता बाहेर झुकेल, अशी मला सवय होती. कोणी झुकले नाही. मी वर गेले, आणखी वर गेले, आणि आम्ही दोघी, मोटारसायकल आणि मी, गुरुदासांना घेऊन पिकल्या भातात कोसळलो.

त्यांच्या खांद्याचे हाड मोडले होते. पुढे गेलेल्या गाड्या वळून परत आल्या. गावात कोणीतरी वर्दी दिली असावी, कारण थोड्या वेळाने शेताच्या मेरेवरून देवकी येताना दिसली. हातात काठी, पाय ओढत, पण कोणालाही हात लावू न देता. तिने नवऱ्याचे डोके मांडीवर घेतले, त्यांच्या केसांतली माती काढली. मग तिची नजर माझ्याकडे गेली. मी उताणी पडले होते, चाक वर, आत काहीच नाही.

"चिरा खंय?" तिने विचारले.

"घरी," गुरुदास म्हणाले. "वजन नको म्हटले."

"मलाही वजन म्हणूनच मागे ठेवलीत ना?" ती अगदी हळू म्हणाली. बाजूला शिवदास उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

गुरुदासांचा खांदा तीन महिन्यांनी सांधला. मेस्तांनी मला सरळ केले, नाक मात्र आहे तसेच राहू दिले. पण देवकी पुन्हा माझ्यात बसली नाही. कोणी विचारले तर म्हणे, "माका नाका. कारेर आसा." वर्षभर चिरा माझ्यात होता. शेजारणींना पायरीकडे बघायची गरजच उरली नाही. गुरुदास दोन-तीनदा काही सांगायला म्हणून तिच्यापाशी गेले आणि पाणी पिऊन परत आले. काही माणसांना चूक कळते, पण शब्द सापडत नाहीत. त्यांनी फक्त माझी गादी फाटली होती ती नवी करून घेतली.

पुढला दसरा आला. माळा झाल्या. रविवारी सकाळी दारात दहा गाड्या येऊन उभ्या राहिल्या आणि शिवदासांनी सगळ्यांना इंजिने बंद करायला लावली. ते माझ्याजवळ आले. कडक इस्त्रीच्या बुशशर्टातच त्यांनी तो चिरा छातीशी धरून उचलला आणि पायरीवर नेऊन ठेवला. शर्टभर लाल माती.

"वैनी," त्यांनी आत हाक मारली, "दगडाक पुढे घालून क्लब जायना."

देवकी दारात आली. "गेल्या वर्सा बैलगाडी म्हणालात."

"म्हणालो. बैलगाडी कधी भातात उताणी पडलेली बघितली नाय, वैनी. अकला कमी होत्या."

"आणि पाहुणे?"

"पाहुणे बेळगावात. आज घरचेच लोक."

देवकीने नवऱ्याकडे पाहिले. गुरुदास गाडीवर बसून होते. ते म्हणाले, "तू नसलीस तर मला डावीकडे वळता येत नाही." बस, एवढेच. पण वर्षभर अडकलेले तेच होते.

ती आत गेली. आम्हाला वाटले, संपले. पण ती परत आली तेव्हा तिच्या हातात खतखत्याचा टोप होता, झाकण फडक्याने बांधलेला, गरम. पहाटेपासून तिने चुलीवर ठेवला होता आणि कोणाला सांगितले नव्हते. टोप आधी माझ्यात आला, मग ती आली. त्या दिवशी मी इतकी हळू चालले की तुयेच्या वाटेवर एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. मागच्या दहांपैकी कोणी भोंगा वाजवला नाही.

त्यानंतर पुष्कळ वर्षे चांगली गेली. मग तुयेला कारखाने आले, रस्ते रुंद झाले, मेस्त गेले. क्लबातल्या कोणाचे गुडघे गेले, कोणाची मुले दूरदेशी गेली. शिवदासांनी एक वर्ष गाडी आणली नाही. पुढल्या वर्षी ते स्वतःच आले नाहीत. अकराचे सात झाले, सातांचे तीन. शेवटी एकदा गुरुदासांनी गाडी लावली, सवयीने चिरा माझ्यात ठेवला, आणि त्या हिवाळ्यात ते गेले. मोटारसायकल एका हौशी माणसाने नेली. मी त्याला नको होते. मला फणसाखाली आणून ठेवले. पत्र्याला गंज चढला, गादीत कोंबड्यांनी अंडी घातली. चिऱ्यावर शेवाळ धरले. मला वाईट वाटायचे, पण कोंबडीही शेवटी कोणीतरी बसणारेच होते, असे मी मनाला समजावायची.

गेल्या श्रावणात देवकीच्या मुलाने भंगारवाल्याला बोलावले. त्याने माझा पत्रा वाजवून पाहिला आणि चिरा काढायला हात घातला. देवकी आता ऐंशीच्या पुढची. ती काठी टेकत मागल्या दारी आली.

"चिऱ्याक हात लावू नको रे."

"अगे आई, दगडच तो," मुलगा म्हणाला.

"दगड खरो. पण माझी जागा धरून आसा तो."

मुलगा आत निघून गेला. पण नात तिथेच उभी होती. कमलाक्षी तिचे नाव. ती तुयेच्या कारखान्यात वेल्डिंग करते आणि स्वतःची मोटारसायकल चालवते. तिने भंगारवाल्याला चहा देऊन वाटेला लावले आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. गणपती झाल्यापासून दर रविवारी ती माझ्यावर काम करते आहे. गंज घासला, पत्र्याला ठिगळे लावली. नाक सरळ करायला हातोडी उचलली, तेव्हा देवकी खिडकीतून म्हणाली, "तां रवूं दे. तिचां लगीन करूचां नाय." कमलाक्षीला यात हसण्यासारखे काय आहे ते कळले नाही. आजी मात्र डोळे पुसत कितीतरी वेळ हसत होती.

मित्रांनो, तुमच्याही घरामागे, माळ्यावर, एखाद्या कोपऱ्यात जुनी वस्तू पडून असेल. तिला टाकण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा, इथे कोण बसायचे. आणि पुढे जाण्याच्या घाईत कोणी हळू चालणारे तुम्हाला ओझे वाटले, तर त्या माणसाला घरी ठेवून निघू नका. सरळ रस्त्यावर त्याची उणीव कळत नाही. वळण आले की कळते.

परवा दसरा झाला. मी आता कमलाक्षीच्या मोटारसायकलला जोडलेली आहे आणि माझ्या वाकड्या नाकावर रोजांची माळ आहे. आज रविवार. कमलाक्षीच्या मैत्रिणींच्या पाच गाड्या दारात उभ्या आहेत आणि आतून तेफळांचा वास येतो आहे. देवकी घरात आहे का, हे विचारायला शेजारची म्हातारी आत्ताच कुंपणापाशी आली होती. तिने हाक मारली नाही. वाकून पायरीकडे बघितले, तोंडाला पदर लावला आणि परत फिरली.

चिरा पायरीवर आहे.