वनजाबाईंच्या चार ओळी

“अप्पा, हा लुकलुकणारा हत्ती काढू या.”

चैत्राचं बोट कंप्युटरच्या पडद्यावर होतं. भुजंगराव खुर्चीत सरळ झाले. “त्यानं काय केलं तुला? दसऱ्याच्या मिरवणुकीतला हत्ती आहे तो. राहू दे की.”

“पान उघडायला अर्धं मिनिट लागतं त्याच्यामुळं. तोवर माणसं निघून जातात.”

वीज कार्यालयातली कारकुनी संपल्यावर भुजंगरावांनी व्हिडिओ बघून बघून ही कन्नड वेबसाइट उभी केली होती. दुकान म्हणावं तर त्यात माल नव्हता. मिक्सर, कुकर, तवे यांची नुसती शिफारस; वाचणाऱ्यानं बटण दाबलं की तो मोठ्या ऑनलाइन दुकानात पोचायचा, आणि त्यानं खरेदी केली तर थोडं कमिशन भुजंगरावांकडे यायचं. पाच वर्षांत तीनशे चाळीस वस्तू, अकरा रंग आणि सरकत्या पाट्या जमल्या. घरी येईल त्याला ते ही वेबसाइट कौतुकानं दाखवत. अलीकडे या पाहुण्यांखेरीज ती कुणी बघत नव्हतं. वेबसाइट बंद केली तर सकाळचा नाश्ता झाल्यावर बसायचं कुठं, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. म्हणून त्यांनी लेकीला हिनकलहून बोलावून घेतलं होतं.

चैत्रानं बराच वेळ काहीबाही तपासलं. “लोक एकच पान शेवटपर्यंत वाचतात. हे ग्राइंडरचं.”

त्या पानावर ना चांदण्या, ना फुलं. चारच ओळी होत्या : ‘दगड चांगला आहे, पण जड. पाठ दुखणाऱ्यांनी घेऊ नये. चौघांच्या डोशाला पुरतो. आवाज शेजारी ऐकू जातो.’

“हे कुणी लिहिलं?”

भुजंगराव घुटमळले. “मला ताप होता तेव्हा. तुझी आई आतून बडबडत होती, तेच टाइप केलं.”

चैत्रा हसत सुटली. “आई, साकु, पुरे तो स्वयंपाक. इकडं ये.”

वनजाबाई स्टुलावर येऊन बसल्या. चैत्रा एकेक वस्तू दाखवू लागली.

“हा तवा?”

“बेडा, नको. सहा महिन्यात वरचं काळं निघतंय. शेजारच्या तुंगाक्काकडं बघितलं की मी.”

“भाजी कापायचं यंत्र?”

“ते धुवेपर्यंत विळीवर दोन भाज्या होतात.”

“हा गुलाबी कपांचा संच?”

“कधी हातात धरला नाही. काय सांगू?”

त्या प्रत्येक वस्तूखाली भुजंगरावांनी ‘सर्वोत्तम’ असं लिहिलं होतं. संध्याकाळी अकरा वस्तू उरल्या. पांढरं पान, काळी अक्षरं, वस्तूचा एक फोटो आणि वनजाबाईंच्या चार ओळी. हत्तीही गेला.

“लग्न आटोपून मंडप उतरवल्यासारखं दिसतंय,” भुजंगराव म्हणाले.

“वाचता तरी येतंय,” वनजाबाई म्हणाल्या. “चष्मा न लावता.”

तळाशी ‘संचालक : भुजंगराव’ एवढं राहिलं होतं. चैत्रानं त्याबद्दल काही विचारलं नाही. त्यांनीच कीबोर्ड ओढून घेतला, ती ओळ खोडली आणि तिथं ‘वनजा’ लिहिलं.

“माझं कशाला हो? मला कोण ओळखतंय?”

“हे सगळं वापरलंय कुणी, मी की तू?” ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी कृष्णराजनगरच्या एका बाईंची मेल आली. ‘वनजा मॅडम, घरात तान्हं बाळ आहे. कमी आवाजाचा मिक्सर कुठला घेऊ?’ भुजंगरावांनी ती दोनदा वाचली. उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं. ते उठले, खुर्ची मागं सरकवली आणि बायकोला हाक मारली.

पदराला हात पुसत वनजाबाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. “मला कुठं येतंय टाइप? तुमी लिहा, मी सांगते.”

“एकेक अक्षर दाब. घाई कुणाला आहे?”

“दूध ठेवलंय गॅसवर.”

“मी बघतो.”

ते गॅसपाशी जाऊन उभे राहिले. दूध किती वेळात वर येतं हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणून नजर न हलवता ते पातेल्याकडे बघत राहिले. बाहेरच्या खोलीतून कळ दाबल्याचा आवाज येत होता. एक, मग बऱ्याच वेळानं दुसरी.