देवरावांचा चावा

नागपूरच्या सदर भागातल्या दवाखान्यात डॉक्टर सुहासिनीबाईंनी देवरावांच्या तोंडातून मेणाची पट्टी काढली. दोन्ही जबडे कसे मिटतात याचा ठसा, म्हणजे चावा, पुन्हा चुकला होता. खालचा जबडा पुढेच आलेला.

देवरावांचे वरचे सगळे दात गेले होते आणि साधी कवळी टिकत नव्हती. वरच्या हाडात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवून त्यांवर काढता-घालता येणारी कवळी अडकवावी, असा बाईंचा विचार होता. सत्याऐंशी साली नागपुरात हे काम नवीनच. मुंबईला जाऊन शिकून आल्या, तरी त्यांची धाकधूक गेली नव्हती. दात कुठे येणार हे कळल्याशिवाय स्क्रूंची जागा ठरेना.

"जबडा सैल सोडा, देवराव. घरी असतो तसा."

"सैलच हाये, डाक्टरबाई."

"सैल कायचा?" बाकावरून त्यांची बायको भागीरथा म्हणाली. "वरातीत चालल्यावानी तोंड करून बसले. सांगून टाका ना जी, काहून लपवून राहिले?"

"तू चूप बस वं."

"क्लॅरनेट वाजवते हे, बाई. बँडपार्टीत सगळ्याइच्या म्होरं. मागच्या लग्नात नवरदेवाच्या घोड्यापुढं कवळी पडली. पोट्टे हासले. तवापासून क्लॅरनेटची पेटी उघडली नाही."

देवराव फरशीकडे पाहत म्हणाले, "तुमाले सांगतलं असतं, तं वाजवनं बंदच करा म्हनलं असतं तुमी."

बाईंच्या आता लक्षात आलं. क्लॅरिनेट वाजवणारा वरचे दात वाद्यावर टेकवतो आणि खालचा जबडा पुढे घेतो. मेणाची पट्टी तोंडात आली की देवरावांचा जबडा आपोआप त्याच जागी जायचा. हे आपण आधीच विचारायला हवं होतं.

"उद्या क्लॅरिनेट घेऊन या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याचा घोट गिळायला लावून एक चावा घेतला, दुसरा वाद्य तोंडात धरून. मग एक्स-रे उजेडावर धरला. गालाकडे हाड पातळ, त्यावर हवेची पोकळी. पण वाद्याचा सगळा दाब पुढच्या दातांवर येणार, म्हणजे कवळी मागून सुटणार. पोकळी टाळून मागचे स्क्रू जमेल तेवढे मागे न्यायचे आणि चारही एका दांडीने जोडायचे, असं त्यांनी ठरवलं.

"हाडाने स्क्रू धरले नाहीत, तर आहे ते हाडही थोडं जाईल," त्यांनी सांगितलं. "आणि धरेपर्यंत सहा महिने वाजवायचं नाही."

"म्हंजे उनाळ्याचे सारे लग्न गेले," भागीरथा म्हणाली.

देवराव मेणातल्या खुणांवरून बोट फिरवत राहिले. "धरन का हाड?"

"धरेल असं वाटतं. छातीठोक नाही सांगता येत मला."

देवरावांनी क्लॅरिनेट पुसलं, त्याचे तुकडे सुटे करून पेटीत ठेवले आणि पेटी टेबलावर सरकवली.

"हे तुमच्यापाशीच ठेवा. घरी राह्यलं तं वाजवल्याबिगर मले राहवनार नाही."

"काहून? मी नाही का ध्यान ठेवाले?" भागीरथेने विचारलं.

"तुह्याच्यानंच तं होत नाही ते. पयले तूच म्हनशीन, एक डाव वाजवा जी."

भागीरथा पदर तोंडाशी नेऊन दुसरीकडे पाहू लागली. बाईंनी कपाटाच्या खालच्या फळीवरचे प्लास्टरचे जबडे बाजूला केले आणि पेटीसाठी जागा केली.