एककाचा अर्धा मार्क

आई गेली आणि धाकटी कामावर परत आली. रडून झालं म्हणून नव्हे. रडू आलंच नव्हतं. दात काढायच्या आधी हिरडीला सुई देतात, तशी कुणीतरी तिला अंगभर दिली होती. चहा समोर यायचा, निवायचा, आणि ती तो तसाच पिऊन टाकायची. लोक म्हणायचे, सावर गं. काही सांडलं असतं तर सावरलं असतं.

पार्सलं पोहोचवणाऱ्या कंपनीच्या मागच्या खोलीत, खिडकीला पाठ करून तिचं टेबल होतं. ऑफिसात कुणाच्याही हिशेबाच्या शीटमधला फॉर्म्युला रुसला की त्याची समजूत काढायला तिच्याकडेच आणायचे.

"डॉक्टरीणबाई, पेशंट आणलाय," म्हणत वजनकाट्यावरचे काका लॅपटॉप पोटाशी धरून आले. "सकाळपासून डोंगराएवढा माल तोलला, आणि बेरीज बघ. शून्य! भूतबीत आहे का आत?"

तिने पाहिलं. नव्या काट्याने प्रत्येक वजनापुढे 'किलो' चिकटवून पाठवलं होतं, आणि सगळी वजनं आपापल्या सेलच्या, म्हणजे चौकटीच्या, डाव्या भिंतीला टेकून बसली होती.

"काका, आकडा उजवीकडे बसतो, अक्षर डावीकडे. हे सगळे डावीकडे आहेत. तुम्हाला आकडे दिसतात, पण मशीनच्या लेखी हा नुसता मजकूर आहे. बेरीज मजकुराला विचारतच नाही."

"मग मेलीने बोंब तरी मारावी!"

"नाही मारत. मुकाट्याने वगळते."

'किलो' शोध, त्या जागी काही ठेवू नकोस, असं तिने मशीनला सांगितलं. घंटा झाल्यावर शाळेची रांग सरकावी तसे आकडे उजवीकडे सरकले, आणि खालची बेरीज टम्म फुगली.

"कमाल आहे बुवा," काका म्हणाले. "आमच्या बाई उत्तरापुढे एकक नसलं की अर्धा मार्क कापायच्या. इथे एकक लिहिलं तर अख्खा भोपळा!"

काका आपल्याच विनोदावर हसले. धाकटी हसली नाही. तिला वहिनी आठवली. वहिनी शाळेत विज्ञान शिकवायची, आणि तीही अर्धा मार्क कापायची. घरातसुद्धा. दादा म्हणाला, दूध दोन आण, तर ही विचारणार, "दोन काय? चमचे की म्हशी?"

धाकटीचे हात कीबोर्डवरच थांबले.

आईच्या आजारपणात डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोटात किती पाणी जातं ते लिहीत चला. तक्ता धाकटीनेच बनवला होता. सकाळ दादाची, दुपार वहिनीची, रात्र तिची. तिघं आपापल्या फोनवरून भरायची, आणि पहिल्या पानावर तिघांच्या बेरजा दिसायच्या. आई गेल्यावर डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, अंगातलं पाणी फारच कमी झालं होतं. दादाने घरी येऊन ते पहिलं पान उघडलं. दुपारची बेरीज एवढीशी, चिमणीने चोच बुडवावी तेवढी.

तो ओरडला नाही. वहिनीला एवढंच म्हणाला, "तुझ्या भरवशावर ठेवून जात होतो."

"मी रोज दिलंय. लिहिलंयही."

"काय लिहिलंयस ते दिसतंय."

त्यानंतर त्या घरात फक्त भांडी बोलत होती. आणि धाकटी? जगाच्या शीटमधली चूक शोधून काढणारी ती, तिने घरच्या शीटचं आतलं पान उघडलंच नव्हतं. आत आईचे घोट होते. कसं उघडणार? बेरीज पाहिली, मान वळवली, कपडे घड्या घालायला घेतले. आणि आज दुपारी वहिनी आपल्या बहिणीकडे निघणार होती. परत कधी येणार, ते तिने सांगितलं नव्हतं, आणि दादाने विचारलं नव्हतं.

धाकटीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

घरी दाराशीच बॅग उभी होती, चेन लावलेली. आतल्या खोलीत कपाट उघडल्या-मिटल्याचा आवाज येत होता. दादा जेवणाच्या टेबलापाशी नुसता बसला होता.

"लवकर आलीस?"

"जरा बघ इकडे," म्हणत तिने लॅपटॉप उघडला. आतलं पान.

सकाळचा रकाना उजवीकडे. रात्रीचा उजवीकडे. आणि मधला दुपारचा, एखाददुसरा आकडा सोडला तर वरपासून खालपर्यंत डाव्या भिंतीला लागून: '150 मिली', '100 मिली', '200 मिली'.

"अगं, हे तर भरलेलं आहे सगळं," दादा म्हणाला.

"भरलेलंच होतं. वहिनीने पुढे मिली लिहिलं, म्हणून बेरजेने धरलं नाही. घाईत कधी लिहायचं राहून गेलं, तेवढेच आकडे धरले."

"म्हणजे?"

"म्हणजे ती जिथे चुकली, तेवढंच मोजलं गेलं."

तिने 'मिली' शोधलं आणि पुसलं. आकडे सरकले. पहिल्या पानावरची दुपार वाढत वाढत दादाच्या सकाळच्याही वर जाऊन थांबली. धाकटीला वाटलं होतं, आता काहीतरी वाटेल. वाटलं नाही. काकांची बेरीज जुळली तशी ही जुळली.

दादाने त्या आकड्यावर बोट ठेवलं. "मग पाणी तर जात होतं."

"हो."

"मग आई...?"

याचं उत्तर कुठल्याच रकान्यात नव्हतं. राग ही त्याची काठी होती. तिच्यावर रेलून तो इतके दिवस उभा होता. धाकटीने ती काढून घेतली होती, आणि द्यायला तिच्याकडे दुसरी नव्हती.

तेवढ्यात तिला दिसलं, तळाचा एक सेल सरकला नव्हता. शेवटची दुपार. त्यात आकडा नव्हताच. वहिनीने लिहिलं होतं, 'नको म्हणाल्या'.

वहिनी चपला घालूनच बाहेर आली. पर्स खांद्याला होती. स्क्रीनकडे पाहून भुवया जवळ आल्या.

"माझं मिली कुठे गेलं?"

"काढलं, वहिनी. बेरजेत येत नव्हतं. थांब, परत लावते." धाकटीने सेलचा साचा बदलला. आता आत आकडाच राहिला, आणि वर अंगरख्यासारखं 'मिली' चढलं. बेरीज हलली नाही.

"असं करता येत होतं, तर तक्ता करतानाच करून द्यायचंस."

"हो," धाकटी म्हणाली.

दादा उठला. "अगं, चुकलं माझं. ती बेरीजच..."

"बेरीज चुकली, त्याचं काही नाही. ते मशीन आहे." वहिनीचा आवाज वर्गात पाठ सांगताना असायचा तसा सरळ होता. "मी तर शेजारच्या खोलीत होते ना? मला विचारायचंस."

तिने बॅगेची मूठ धरली. दादानेही धरली. क्षणभर दोघं तशीच उभी राहिली, जड दार दोन बाजूंनी धरावं तशी. मग वहिनीने हात काढला. तिचा राग उतरला नव्हता. बॅग जड होती.

धाकटी खिडकीशी गेली. खाली बसथांब्यावर दोघं उभी होती, मध्ये बॅग. कोण काय बोलत होतं, बोलत होतं की नव्हतं, वरून कळत नव्हतं. बस आली. दारं उघडली, मिटली. बस गेली, तरी दोघं तिथेच होती.

ती टेबलापाशी परत आली. तळाचा तो सेल डाव्या भिंतीशी तसाच होता. दुसऱ्या कुणाचं शीट असतं, तर तिने तिथे शून्य घातलं असतं. शीट स्वच्छ दिसतं. तिने हात लावला नाही.

घसा कोरडा पडला होता. तिने ग्लास भरला आणि उभ्याउभ्याच पाणी प्यायलं. पाणी गार होतं, आणि ते गार आहे हे तिला कळलं.